लेबलावरचं कुंकू

माकणीच्या लक्ष्मम्मा बिराजदार यांचा राग आधी गल्लीपुरता होता. मग तो मोबाइलमध्ये शिरला आणि पुण्या-नाशिकच्या बायकांना इतका आवडला, की त्या तो मागून घेऊ लागल्या. ‘मावशी, आज मला रागवा ना,’ असं खरोखर लिहायच्या त्या. राग भांडी घासायच्या घासणीपुरता होता तोवर सगळ्यांना गोड लागला. तो कपाळापर्यंत पोचला तेव्हा त्याच बायकांनी कसे कान झाकून घेतले, ते सांगायचं आहे.

नवरा बंडप्पा गेल्यानंतर लक्ष्मम्मा दिवसभर घरातल्या भांड्यांशी भांडायची. मुलगा मल्लेश याचं स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान. दुरुस्तीला येऊन कुणी परत न नेलेला एक फोन त्यानं आईला आणून दिला. भांड्यांना तेवढाच आराम. टायपिंगच्या वाटेला ती गेली नाही. अंगठा दाबून धरायचा आणि बोलायचं, एवढं तिला जमलं, आणि बोलणं तर तिला जन्मापासून जमत होतं.

सुनेनं, गायत्रीनं, तिला ‘गच्चीतली माती’ नावाच्या एका गटात घातलं. गच्चीवर, खिडकीत, तुटक्या बादल्यांत भाजी लावणाऱ्या शहरातल्या हौशी बायकांचा तो गट. एक दिवस तिथं कुणीतरी घोसाळ्याचा फोटो टाकला आणि विचारलं, हे जून झालंय, आत नुसत्या शिरा आहेत, फेकून देऊ का? लक्ष्मम्मानं अंगठा दाबला.

“अवो बाई, जून झालंय म्हनून फेकता काय? येलावरच वाळू द्या की त्येला. हलवलं की आत बी खुळखुळ वाजाय पायजे. मग भिजू घाला, साल काढा, बी झटका. आत जाळी ऱ्हाती बघा, तिनं भांडी घासा. आन् ती हिरवी पलाष्टिकची घासनी टाका उकिरड्यावर. न्हाय, उकिरड्यावर बी नगं. उकिरड्यानं काय वाकडं केलंय तुमचं?”

तो आवाज दुपारपर्यंत शेकडो बायकांनी ऐकला आणि नवऱ्यांनाही ऐकवला. एकीनं बी मागितलं. बी कुणी मागितलं तर नाही म्हणायचं नसतं आणि त्याचे पैसेही घ्यायचे नसतात, हा लक्ष्मम्माच्या माहेरचा, आळंदकडचा नेम. तिनं कागदाच्या पुड्या बांधून बी पाठवलं. ज्यांच्याकडे वेल लावायला जागा नव्हती त्यांनी तयार घासणी मागितली. मग कुंपणावरचा वेल कमी पडला, तिनं बांधाला लावले, मग विहिरीच्या कडेनं मांडव घातला. घासणी सुती दोऱ्यानं शिवायची, टांगायला अंबाडीच्या वाखाचा फास करायचा, आणि पार्सल वर्तमानपत्रात गुंडाळायचं. प्लास्टिकची चिकटपट्टी दिसली तर मल्लेशच्या दुकानाचाही उद्धार व्हायचा.

आजकाल लोक ब्रँड उभा करायला माणसं नेमतात. लक्ष्मम्मानं तो नुसत्या भांडणावर उभा केला. एकीनं तक्रार केली, घासणी आठवड्यात काळी पडली. उत्तर गेलं, “सिंकमधी बुडवून ठेवता व्हय रातभर? तुमाला ठेवलं तर तुमी काळ्या पडचाल. झटका, टांगा, वारं लागू द्या.” बायका हसल्या, आणि त्या दिवशी मागणी दुप्पट झाली. तिनं एक रीतही लावून दिली. घरात अमावास्येला ती जुनी घासणी काढून नवी घ्यायची. गटातही तिनं सांगितलं, अमावास्येला जुनी घासणी कुंडीत पुरा आणि फोटो टाका, मला दिसू द्या माती झाली का न्हाय ते. मग दर अमावास्येला झिजलेल्या, चपट्या, तपकिरी घासण्यांचे फोटो यायचे. कुणी त्यावर मेथी टाकली, कुणी मिरची. ज्या वस्तूची जाहिरात नवी कोरी दाखवून करतात ती हिनं झिजलेली दाखवून खपवली. मल्लेशनं एक लेबल छापलं, त्यावर आईचा फोटो आणि खाली ‘लक्ष्मम्माची घासणी’. फोटोत तिच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे होते आणि चेहऱ्यावर कुणाला तरी झापायच्या आधीचा भाव.

त्या पट्ट्यांबद्दल थोडं सांगायला हवं. बंडप्पा गेला तेव्हा रीतीप्रमाणे बायका जमल्या आणि रीतीप्रमाणे त्यांनी जे करायचं ते केलं. बांगड्या गेल्या, कुंकू गेलं. आपल्या लिंगायत धर्मात विटाळ नाही, बाई काय नि पुरुष काय लिंगासमोर सारखेच, असं मठाचे स्वामी दरवर्षी प्रवचनात सांगतात आणि बायका दरवर्षी माना डोलावतात. त्या दिवशी मात्र ते प्रवचन एकीलाही आठवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लक्ष्मम्मानं देवळीतली विभूतीची वडी घेतली, बोटं ओली केली आणि कपाळावर तीन पट्टे ओढले, पुरुष ओढतात तसे ठसठशीत. कुणी लावून दिले नव्हते, कुणी पुसू शकणार नव्हतं. निदान तिला तसं वाटलं होतं.

गटाची चालक राजनंदिनी. मूळची ढोकीची, लग्न होऊन पुण्यात गेलेली, बोलायला गोड आणि कामाला वाघ. लक्ष्मम्माला तिनं खूप मदत केली, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून तिला नुसतीच दुष्ट ठरवाल. दिवाळी सरताच राजनंदिनीनं गटात नवीन मोहीम काढली, ‘प्लास्टिकमुक्त वाण’. दर संक्रांतीला बायका हळदीकुंकवात एकमेकींना काय लुटतात? प्लास्टिकच्या डब्या, गाळण्या, चिमटे, टिकल्यांची पाकिटं. घरोघर कपाटात तो ढीग साचतो आणि पुढच्या वर्षी कचऱ्यात जातो. यंदा सगळ्यांनी लक्ष्मम्माची घासणी लुटायची. गटातल्या बायकांनी आपापल्या सोसायटीतल्या बायकांना सांगितलं, त्यांनी आणखी कुणाला, आणि मागणी अशी आली की मल्लेश फोन हातात धरून नुसताच उभा राहिला.

लक्ष्मम्माला तर हर्षवायू व्हायचा राहिला. जाऊबाई गिरिजाबाईला आणि शेजारच्या सखूबाईला तिनं कामाला बोलावलं. गायत्रीची शिलाई रात्रंदिवस चालली. सोप्यात घासण्यांची रास पार आढ्याला भिडायला निघाली. “लोकांच्या एवढ्या घरात माजं वान जानार बघ,” ती येईल-जाईल त्याला सांगायची. ज्या हळदीकुंकवाला आपल्याला कुणी बोलवत नाही त्यासाठीच आपण राबतोय, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. दरवर्षी सुनेचं हळदीकुंकू असलं की ती दुपारीच शेताकडे निघून जायची. कुणी जा म्हणत नव्हतं. कुणी राहा म्हणत नव्हतं. इतकी वर्षं तिला त्यात काही खटकलं नव्हतं, आणि तिला रागीट म्हणणाऱ्या या गावातही कुणाला खटकलं नव्हतं. संताप यावा तर इथून यायला हवा होता.

तो आला, पण लेबलांचा गठ्ठा सुटला तेव्हा.

वाणासाठी लेबल जरा देखणं हवं म्हणून राजनंदिनीनं पुण्यातल्या कुणाकडून ते नवीन करून घेतलं होतं. लातूरच्या छापखान्यातून गठ्ठा आला. गिरिजाबाईनं दोरा तोडला, वरचं एक लेबल उचललं आणि तिचा हात तसाच राहिला.

“लक्ष्मी,” ती म्हणाली, “ही तूच हायस का?”

लेबलावर लक्ष्मम्माच होती. तेच नाक, तीच हनुवटी. पण कपाळावरचे तीन पट्टे साफ नाहीसे झाले होते आणि तिथं रुपयाएवढं लालभडक कुंकू बसलं होतं. गळ्यात मंगळसूत्र. हातात हिरवा चुडा. चेहऱ्यावरचा झापायचा भावही कुणीतरी ओठांचे कोपरे ओढून हसरा केला होता.

सखूबाई सरळ मनाची. “छान दिसायलाव की वो,” ती म्हणाली, आणि गिरिजाबाईनं तिला कोपरानं ढोसलं.

 लक्ष्मम्मा गप्प बसली की घरातली मांजरंही बाहेर जातात. तिनं लेबल उजेडात नेलं, अंगठ्यानं ते कुंकू घासून पाहिलं. ते छापलेलं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तेव्हा. ज्यांनी एकदा तिच्या कपाळावरचं कुंकू पुसलं त्यांनी तिला विचारलं नव्हतं, आणि ज्यांनी आता ते परत लावलं त्यांनीही विचारलं नव्हतं. कपाळ हे जसं काही सरकारी भिंत, येणाऱ्या-जाणाऱ्यानं रंगवावं नि पुसावं.

मल्लेश जेवायला आला तेव्हा लेबल त्याच्या ताटाशेजारी ठेवलेलं होतं.

“हे तुला ठावं हुतं?”

मल्लेशनं घास गिळला. “अव्वा, त्येंनी आदी दाखवलं हुतं मला. म्हनले वानाचं हाय, सवाष्नीला द्यायचं, बायका शंका काढत्यात. एक फोटूच तर हाय.”

“एक फोटूच?”

“लोक घासनी बघत्यात, अव्वा. तुजं कपाळ कोन बघतंय?”

“कोन बघत न्हाय तर बदललं कशाला?” लक्ष्मम्मा म्हणाली.  मल्लेश भाकरी सोडून उठायला लागला, तर तिनं त्याला दरडावून खाली बसवलं. “जेव. अन्नावर राग काढू नगंस. तुज्या बापाला जित्ता केलास तू कागदावर, आन् मला इचारलं बी न्हाईस. त्यो आला तर त्येला ताट कुठनं वाढू?”

गायत्री दारात उभी होती. तिनं सासऱ्यांचा भिंतीवरचा फोटो एकदा बघितला.

मग राजनंदिनीला फोन झाला. तो लक्ष्मम्मानं मुद्दाम सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजावर लावला.

“मावशी, मला वाटलंच होतं तुमचा फोन येईल,” राजनंदिनी म्हणाली. “रागावू नका. अहो, गटात दोघी-तिघींनी विचारलं, वाण सवाष्णीच्या हातचंच आहे ना म्हणून. शेवटी शकुनाची गोष्ट असते. मी हो म्हणून टाकलं. आता लेबलावर तुमचा तसा फोटो गेला असता तर...”

“तसा म्हंजी कसा?”

“मावशी, तुम्हाला कळतंय मला काय म्हणायचंय.”

“न्हाय कळत. तुमी सांगा की. ढोकीच्या शाळंत शिकलाव, पुण्यात ऱ्हाताव, बोला की तोंडानं.”

 राजनंदिनी समजावणीच्या सुरात आली. “हे बघा, मला स्वतःला हे पटत नाही. अजिबात नाही. पण आपण पर्यावरणाचं काम करतोय. किती प्लास्टिक वाचणार आहे विचार करा. एकाच वेळी सगळी भांडणं काढली तर हातचं कामही जाईल. आधी प्लास्टिक जाऊ दे, मग बाकीचं बघू.”

सोप्यात गिरिजाबाई, सखूबाई, गायत्री, मल्लेश सगळे फोनकडे बघत होते. लक्ष्मम्माचा आवाज खाली आला. तो खाली आला की जास्त भीती वाटते.

“बाई, पलाष्टिक मातीत मिसळत न्हाय म्हनून तुमाला त्येची घान वाटती. मला तुमच्यात मिसळू देत न्हाईत, त्येची वाटत न्हाय. माज्या हातची घासनी चालती, माजी मातीची अक्कल चालती, माज्या शिव्या बी गोड लागत्यात. निस्तं कपाळ चालत न्हाय. मग त्या कपाळाबिगर माल न्यायचा म्हनत असचाल तर नका नेऊ.”

“मावशी, घाई करू नका. एवढी मोठी मागणी आहे. मल्लेशला विचारा, गायत्रीला विचारा.”

“इचारते,” म्हणून लक्ष्मम्मानं फोन ठेवला, आणि कुणालाही विचारलं नाही.

लोक म्हणतील, एवढ्याशा टिकलीपायी मोठी मागणी घालवायची म्हणजे हट्टीपणा. म्हणोत. असं म्हणणारा कधी स्वतःच्या बापाचं नाव बदलून माल विकून बघो, मग बोलू. त्या नावावर, त्या तोंडावर लोकांनी विश्वास टाकला होता. हे खोटं म्हणजे घासणीत आतून नायलॉनची जाळी भरून वरून घोसाळं शिवल्यासारखं. आणि तसं कुणी केलं असतं तर याच गटानं त्याला फाडून खाल्लं असतं.

संक्रांतीच्या आधीची वेळा अमावास्या म्हणजे येळवस. आपल्याकडं त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळी घरं शेतात. लक्ष्मम्माच्या शेतातही ज्वारीत कडब्याची छोटी झोपडी, म्हणजे कोप, उभारली होती, आत पांडव म्हणून पाच दगड मांडले होते, शेंगाभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिलीचं मडकं. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवायची रीत. दरवर्षी या दिवशी लक्ष्मम्मा गटातल्या बायकांना कोप दाखवायची, घासण्या पुरायचा सगळ्यात मोठा दिवस तिथं हाच. यंदाही शेकडो बायका वाट बघत होत्या. गायत्रीनं फोन धरून थेट व्हिडिओ सुरू केला.

“समद्यांना येळवसीचा नमस्कार,” लक्ष्मम्मानं सुरुवात केली, आणि फोनवर लाल बदाम उडायला लागले. “आंबील प्यायला या म्हनले असते, पर तुमी लांब हायसा. आदी माजं कपाळ बघा. गायत्री, जवळ आन फोन. आनकी जवळ. दिसली इभूती? ही माजी. माजा मालक ग्येला तवापासनं ही हाय. तुमी जे वान लुटनार हायसा, त्येच्यावर माजा फोटू छापलाय, त्येच्यात कुंकू लावलंय मला. त्यो फोटू खोटा हाय. घासनी खरी हाय. ती रांडमुंड बाईच्या हातची हाय. घोसाळं सोलताना, बी झटकताना त्या घोसाळ्यानं मला इचारलं न्हाय, तुजा नवरा हाय का म्हनून. तुमाला इचारायचं आसंल तर इचारा. ज्येला चालंल त्येनी घ्या. ज्येला चालत न्हाय त्येनी पलाष्टिकची डबी लुटा, तिला नवरा बिवरा काय लागत न्हाय.”

बदाम थांबले. बघणाऱ्यांचा आकडा वाढत होता, बोलत कुणीच नव्हतं. नेहमी हिच्या एका शिवीवर हसून लोळणाऱ्या बायका, सगळ्या एकदम मुक्या. मग एकीनं लिहिलं, ‘विषय भरकटतोय’. दुसरीनं लिहिलं, ‘हा गट सकारात्मक आहे, इथे नको’. तिसरीनं लिहिलं, ‘मावशी, सणाच्या दिवशी असे शब्द तोंडी आणू नयेत’. जो शब्द गावानं बाईच्या अंगाला चिकटवला तो तिनं स्वतः उच्चारला की मात्र सण बाटतो! दुपार कलायच्या आत तो व्हिडिओ गटातून काढला गेला, आणि दिवे लागायच्या सुमाराला लक्ष्मम्माही.

मागणी गेली. राजनंदिनीनं दुसरीकडून नारळाच्या काथ्याच्या घासण्या मिळवल्या, मोहीम यशस्वी झाली, फोटो आले. पुढं अमावास्येचं पुरणंही त्या गटात चालूच राहिलं, ‘आपल्या गटाची सुंदर परंपरा’ अशा नावानं. सुरू कुणी केली, हे लिहायची कुणाला गरज वाटली नाही. लक्ष्मम्मा नसली तरी तिची रीत चालते, कारण रीतीला कपाळ नसतं.

नवीन लेबलं पाणी तापवायच्या बंबात गेली. सोप्यातली घासण्यांची रास तशीच. मल्लेश आईशी कमी बोलायला लागला, गिरिजाबाई कामाला यायची बंद झाली. थेट फोनवर मागवणाऱ्या काही जणी टिकल्या, पण घरावर जी मरगळ आली ती आलीच. आणि लक्ष्मम्मा? ती भांड्यांशी भांडायची तेही थांबलं. आपण चुकलो असं तिला एकदाही वाटलं नाही. पण एवढं खरं बोलून कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही, याचा तिला फार अपमान वाटला.

अशात बार्शीहून शिवांजली नावाच्या एका बाईचा आवाज आला. शाळेत शिकवणारी, वय फार नसावं. ती गटात होती म्हणे, पण कधी बोललेली लक्ष्मम्माला आठवत नव्हती. “मावशी, तुम्ही येळवशीला बोललात ते मी वर्गाबाहेर उभी राहून ऐकलं. मला पण कुणी वाण देत नाही. म्हणून दर संक्रांतीला तुमची एक घासणी मागवते आणि माझं मीच मला देते. घरातल्या सगळ्या बायका पुढच्या खोलीत असतात तेव्हा मी आत भांडी घासत असते ना, तर ती हातात असते. यंदाही एक पाठवाल का?”

लक्ष्मम्मानं तो निरोप पुन्हा लावला. मग पुन्हा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण रडू नव्हतं ते. ही शिकलेली पोर आत भांडी घासते, आणि आपण? आपण तर घरातही थांबत नाही, शेतात पळतो. पुण्याच्या बाईला एवढं सुनावलं, कोपीसमोर बसून जगाला कपाळ दाखवलं, आणि स्वतःच्या सोप्यात बसायची हिंमत आजवर केली नाही. तिचा राग पुण्याहून निघाला आणि थेट स्वतःच्या उंबऱ्यात येऊन थांबला.

रथसप्तमीच्या आधी गायत्रीचं हळदीकुंकू होतं. लुटायला घरच्याच घासण्या, लेबलाशिवाय, नुसत्या वाखाच्या फासाच्या. दुपार झाली. गायत्रीनं सोपा झाडला, सतरंजी घातली, आणि सवयीनं सासूला म्हणाली, “आत्या, शेताकडं पानी न्यायचं आसंल तर कळशी भरून ठेवलीय.”

“आज शेतात काम न्हाय,” लक्ष्मम्मा म्हणाली. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं, विभूतीचे तीन पट्टे ओढले, आणि सतरंजीच्या मधोमध बसली.

बायका आल्या. दारात घोळका थबकला. गिरिजाबाई सगळ्यात पुढे होती. “लक्ष्मी, तू... हितं?”

“माजं घर हाय. या, बसा.”

त्या बसल्या, पण जरा अंग चोरून. तिच्या दोन्ही बाजूंना एकेका माणसाची जागा आपोआप रिकामी राहिली. गायत्री एका टोकाकडून सुरू झाली. हळद, कुंकू, अत्तर, तिळगूळ, पदरात घासणी, आणि वडीलधाऱ्या बाईला वाकून नमस्कार. एकीमागून एक. गायत्री सासूजवळ आली.  तिनं सासूकडं बघितलं, गिरिजाबाईकडं बघितलं, आणि सासूला ओलांडून पलीकडच्या बाईला कुंकू लावलं.

सगळ्यांनी बघितलं. सगळ्यांनी न बघितल्यासारखं केलं.

लक्ष्मम्मा उठली. तिनं सोप्यातली रिकामी परात उचलली आणि ज्या पहिल्या बाईला वाण मिळालं होतं तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“टाक हिच्यात.”

“काय?”

“घासनी. परत टाक.”

बाईनं भांबावून टाकली. दुसरीनंही टाकली. सखूबाईनं तर पुढे होऊन टाकली. गिरिजाबाईनं मात्र पदर आवळून धरला. “आगं, लुटलेलं वान कुनी माघारी मागत्यात व्हय? लई वंगाळ आसतं ते!”

“कुनाला वंगाळ?” लक्ष्मम्माचा आवाज आता चढला, तो गल्लीतल्या शेवटच्या घरापर्यंत गेला असणार. “मला आनकी काय वंगाळ व्हायचं ऱ्हायलंय? ह्या हातानं सोलली, ह्या हातानं धुतली. हात वंगाळ आसंल तर घासनी बी वंगाळ. मग पदरात कशाला बांधून न्यायलाव? माल चांगला आन् बाई वाईट, आसं कुठं आसतंय? सोड, गिरिजा.”

गिरिजाबाई सोडेना. शेवटी ती गायत्रीवरच उखडली. “पोरी, दिऊन टाक की तिला येक. कशाला तमाशा करतीस सनाचा!”

गायत्रीनं मुकाट्यानं एक घासणी उचलली. लक्ष्मम्मानं हात मागे घेतला.

“तमाशा मिटवायला देत आसशील तर नगं. आन् कुंकू बी नगं मला, माजं कपाळ भरल्यालं हाय. मान म्हनून द्यायची आसंल तर दे. न्हायतर ह्या परातीतल्या समद्या बंबात घालते.”

गायत्रीचे डोळे भरून आले. तिनं तबक खाली ठेवलं. दोन्ही हातांनी सासूचा पदर धरला, त्यात घासणी ठेवली, वर तिळगूळ ठेवला, आणि इतर वडीलधाऱ्या बायकांना केला तसाच वाकून नमस्कार केला. “चुकलं माजं, आत्या,” ती इतक्या हळू म्हणाली की ते फक्त दोघींनाच ऐकू गेलं.

लक्ष्मम्मानं तिला उठवलं, पण राग काही गिळला नाही. ती परात कडेवर धरून दाराजवळ उभी राहिली.

“आता वान मी लुटनार. ज्येला माज्या हातनं चालतंय त्येनी पदर पसरा. चालत न्हाय त्येनी खुशाल जावा, दार उघडं हाय.”

दोघी जणी खाली मान घालून निघून गेल्या, रिकाम्या पदरानं. बाकीच्या घुटमळल्या. आधी सखूबाई आली, मग एकेक करून इतर. सगळ्यात शेवटी गिरिजाबाई, आवळलेली घासणी परातीत टाकून, तोंड वाकडं करून, पण पदर पसरून. लक्ष्मम्मानं प्रत्येकीच्या पदरात आपल्या हातानं घासणी टाकली. सगळ्या गेल्यावर तिनं रिकामी परात गायत्रीच्या हातात दिली.

“थांबल्या त्या समद्यांनी घेतलं,” ती म्हणाली. “झडला का कुनाचा हात?”